तुटलेल्या शब्दांचा कागद

मुंगीला मुंगी हे नाव दादानंच ठेवलं होतं. लहानपणी चमचे, चपला, गोट्या, हाताला लागेल ते ती एका ओळीत लावत बसायची आणि कुणी ओळ मोडली की घर डोक्यावर घ्यायची. आता तिनं पंचेचाळिशी ओलांडली होती, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढत होता, तरी घरात कुणाला तिचं खरं नाव पटकन आठवत नसे. पोटापाण्यासाठीही ती तेच करत होती. एका छोट्या डिझाइन स्टुडिओत ती मॅटर लावायची, म्हणजे छापायचा मजकूर पानावर नीट बसवायची. पुस्तकं, पत्रकं, औषधांच्या खोक्यांतल्या घडीच्या चिठ्ठ्या, येईल ते.

सोमवारी सकाळी मालकांनी तिच्या टेबलावर एक लिफाफा ठेवला.

"हॉस्पिटलचं काम आहे. एकच पान," ते म्हणाले. "पण त्या बाईंनी फोनवर माझं डोकं खाल्लं. जसंच्या तसं पाहिजे म्हणाल्या, काना-मात्रा इकडची तिकडे नको. झेरॉक्सची झेरॉक्स काढून जुना कागद पार पुसट झालाय."

मुंगीनं कागद बाहेर काढला. मेंदूला झटका येऊन गेलेल्या माणसांना वाचता येतं की नाही हे बघायचा तो कागद होता. वर सूचना, मधे चौकटीत एक छोटी गोष्ट, खाली तपासणाऱ्याच्या सहीची जागा. येत्या गुरुवारी हाच कागद दादाच्या पुढ्यात येणार होता.

दादा त्याच हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीवर कंपाउंडर होता. आयुष्य त्या खिडकीत गेलं होतं त्याचं. डॉक्टरांची अक्षरं, जी डॉक्टरांनाही पुन्हा वाचता येत नसत, ती तो उभ्या उभ्या वाचायचा. वर्षाच्या सुरुवातीला मेंदूत गुठळी झाली. हात सुधारला, जीभ वळायला लागली, बोलणं पहिल्यासारखं झालं. वाचनच तेवढं रुसून बसलं. सुटा शब्द वाचायचा, एक ओळही वाचायचा. ओळ संपली की मात्र त्याची नजर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पोचायची नाही. कुठंतरी भलतीकडेच जाऊन पडायची, आणि मग तो चाचपडत राहायचा. वाचन जमतं असा दाखला मिळाला तरच खिडकी, नाहीतर गोदामात खोकी मोजायची, असं वरून कळवून झालं होतं. गोदामाचं नाव काढलं की दादा जेवता जेवता हात धुवायला उठायचा.

म्हणून मुंगी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जायची आणि सरावाला कागद न्यायची. ते कागद ती स्वतः लावायची. ठसठशीत अक्षर, ओळींमधे भरपूर जागा. पहिल्याच आठवड्यात एका कागदात "संध्याकाळी" हा शब्द ओळीच्या टोकाला तुटला होता. "संध्या" वर राहिलं, आडवी रेघ आली आणि "काळी" खाली गेलं. दादा तिथं अडकला. बराच वेळ तो त्या रेघेकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "ही संध्या कोण?" वहिनी हसली, मुंगी हसली, दादाही हसला. पण घरी जाताना मुंगीला रडू आवरेना. दुसऱ्या दिवसापासून तिनं त्याच्या प्रत्येक कागदात हायफनेशनचा, म्हणजे शब्द तोडायची मुभा देणारा, पडद्यावरचा चौकोन रिकामा करून टाकला. शब्द तुटायचाच नाही. मावला तर ओळीत, नाही मावला तर अख्खाच्या अख्खा खाली. दादा भराभर सुधारत गेला. निदान तिच्या कागदांवर तरी.

आता लिफाफ्यातल्या पानाला टाचलेली चिठ्ठी तिनं वाचली. हॉस्पिटलच्या थेरपिस्ट बाईंनी लिहिलं होतं, "गोष्टीत सहा ओळींच्या शेवटी शब्द तुटलेले आहेत. ते चुकून नाहीत, मुद्दाम आहेत. रुग्णाची नजर अर्धा शब्द धरून पुढच्या ओळीवर जाते का, हे त्यावरून कळतं. कृपया तेच शब्द तिथंच तुटावेत."

बाई शहाणी होती, यात काही शंका नाही. मुंगीला तिचा त्या क्षणी इतका राग आला की चिठ्ठी तिनं उपडी करून ठेवली.

तरी कामात तिनं कुचराई केली नाही. तिचं सॉफ्टवेअर शब्द कसा तोडायचा ते विचारून तोडायचं. किती अक्षरांपेक्षा लहान शब्दाला हात लावायचा नाही, रेघेच्या आधी किती अक्षरं राहायला हवीत, पुढच्या ओळीत किती जायला हवीत, सगळं आकड्यांत सांगता यायचं. न सांगितलं तर ते आपल्या मनानं तोडायचं, आणि त्याचं मन मुंगीच्या मते खाटकाचं होतं. तिनं आकडे मागेपुढे केले, चौकटीची रुंदी केसभर सरकवली, आणि दुपारपर्यंत सहाच्या सहा शब्द जुन्या कागदावर होते तिथंच तुटले. प्रूफ बाईंकडे गेलं. मंगळवारी ते बाईंच्या सहीनिशी परत आलं. "अगदी बरोबर. धन्यवाद," एवढंच खाली लिहिलेलं.

सही झालेल्या प्रूफला हात लावायचा नाही, हा त्या धंद्यातला पहिला आणि शेवटचा नियम. नवीन आलेल्या पोरापोरींना मुंगी स्वतः तो दरडावून शिकवायची. चूक दिसली तरी आधी विचारायचं, मग हात लावायचा.

बुधवारी फाइल छपाईला पाठवायची होती. मुंगीनं ती उघडली आणि नुसती बघत बसली. सहा रेघा. पहिलीच रेघ "संध्या" नंतर होती. नशिबानं थट्टा करायची ठरवली की अशी करतं. आदल्या संध्याकाळी दादानं तिचा सरावाचा कागद एका दमात वाचला होता आणि वाचून झाल्यावर वहिनीकडे असं बघितलं होतं, जसं पहिल्या पगाराच्या दिवशी आईकडे बघितलं होतं. त्या बघण्यानं मुंगी रात्रभर तळमळली होती. आपल्या कागदांवर तो वाचतो, कारण आपण त्याच्या वाटेतले काटे वेचून ठेवलेत, हे तिला कळत होतं. उद्या काटे असणार, आणि त्याला ते ठाऊकच नाही. ते आधी सांगायची हिंमतही तिला झाली नव्हती.

एक चौकोन रिकामा करायचा. बस. गोष्ट तीच, शब्द तेच, क्रम तोच. कोण मरणार आहे त्यानं?

तिनं चौकोन रिकामा केला. सहाही शब्द टुणकन अख्खे झाले.

तेवढ्यात मालक मागून म्हणाले, "झालं का ते हॉस्पिटलचं? छापखान्याचा माणूस खाली गाडी चालू ठेवून उभाय."

"झालंच," मुंगी म्हणाली आणि तिचे कान तापले. तिनं घाईघाईनं पीडीएफ काढायला घेतली. पडद्यावर नेहमीचा इशारा आला, की चौकटीत न मावलेला मजकूर शिल्लक आहे. तो इशारा त्या स्टुडिओत कुणीच वाचत नसे. सगळ्या कामांना वापरायच्या मालकांच्या तयार साच्यात पानाच्या कडेला पत्त्याची एक जुनी चौकट अडकून पडली होती, तिच्यात काहीतरी मावत नव्हतं, आणि त्यामुळे प्रत्येक कामाला हा इशारा यायचाच. सगळे डोळे झाकून "ठीक" दाबायचे. मुंगीनंही दाबलं.

गुरुवारी वहिनीला सुट्टी मिळाली नाही, म्हणून दादाबरोबर मुंगी गेली. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटीवर कापलं होतं. औषधांच्या खिडकीसमोरून जाताना त्यानं आत बघितलं नाही. आतल्या कंपाउंडरनं हाक मारली तेव्हा नुसता हात वर केला.

"घाबरलायस?" मुंगीनं विचारलं.

"मी कशाला घाबरू?" दादा म्हणाला. "कालचा कागद बघितलास ना कसा वाचला?"

थेरपिस्ट बाईंची खोली लहान होती. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, नातेवाइकांसाठी भिंतीला टेकून एक स्टूल. बाई तिशीतल्या, बारीक आवाजाच्या. मुंगीला त्यांनी ओळखलं नाही. ओळखायचं कारणही नव्हतं, त्यांचं बोलणं मालकांशीच झालेलं. त्यांनी नव्या गठ्ठ्यातला एक कोरा करकरीत कागद दादापुढे ठेवला आणि स्वतः टिपणं करायची प्रत घेतली. ती प्रत त्या सही केलेल्या प्रूफावरून काढलेली होती, हे मुंगीला स्टुलावरूनही दिसलं.

"सावकाश वाचा, मोठ्यानं," बाई म्हणाल्या. "मी मधे बोलणार नाही आणि बोट दाखवणार नाही. तसा नियमच आहे. नंतर गोष्टीवर दोन प्रश्न विचारीन."

दादानं कागदावर तर्जनी ठेवली आणि वाचायला लागला. एक म्हातारा माळी होता. त्याच्याकडे एका मोठ्या बागेची किल्ली होती. रोज संध्याकाळी तो बागेला कुलूप लावायचा. "संध्याकाळी" अख्खा आला, सरळ, कुठंही न अडखळता, आणि मुंगीनं धरून ठेवलेला श्वास सोडला. दादाचं बोट ओळीच्या टोकाला गेलं, उचललं, डावीकडे आलं, बरोबर पुढच्या ओळीवर टेकलं. पुन्हा. पुन्हा. बाईंची पेन्सिल एकदा थबकली. त्यांनी भुवई उचलून दादाकडे बघितलं, जरा कौतुकानं. मुंगीला एकाच वेळी आनंद झाला आणि घाम फुटला.

"माळ्याला लेकीकडे जायचं होतं," दादा वाचत होता. "पण किल्ली कुणाकडे द्यावी, ते त्याला कळेना. त्यानं खूप विचार केला आणि शेवटी त्यानं ती किल्ली..."

तो थांबला.

त्याचं बोट ओळीच्या टोकाला होतं. ते उचललं गेलं, डावीकडे आलं, आणि कोऱ्या कागदावर टेकलं. तो क्षणभर तसाच राहिला. मग पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेला, ती ओळ पुन्हा वाचली, पुन्हा डावीकडे आला. खाली काही नव्हतं.

मुंगीला लगेच कळलं. कळायला अर्धा क्षणही लागला नाही. शब्द अख्खे झाले, ओळी सैल झाल्या, मजकूर वाढला, चौकट तेवढीच राहिली, आणि गोष्टीचं शेपूट चौकटीबाहेर गेलं. फाइलमधे त्या चौकटीच्या कोपऱ्यात आता एक लाल अधिकचं चिन्ह असणार, मजकूर मावला नसल्याची खूण. वीस वर्षं ती ते चिन्ह दुसऱ्यांच्या फाइलींत शोधत आली होती.

"पुढं वाचा," बाई म्हणाल्या.

"पुढं नाहीये," दादा म्हणाला.

बाईंनी आपल्या प्रतीकडे बघितलं. तिथं पुढची ओळ होती. "आहे. घाई करू नका. सावकाश खाली बघा."

दादानं खाली बघितलं. चौकटीची रेघ, तिच्याखाली सहीची जागा. तो परत वर आला. कागद त्यानं जरा तिरका केला, मग चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांशी नेला. मग हळूच उलटला. मागची बाजू कोरी होती. पुन्हा सुलटा केला.

बोल, मुंगी स्वतःला म्हणाली. पण तिच्या डोक्यात भलताच हिशोब चालला होता. बोलले तर चाचणी रद्द. मालकांचं काम जाईल, आपली नोकरी जाईल, त्याचा दाखला लांबेल. नाही बोलले तर एकच ओळ राहिली, बाकीचं तर झकास वाचलंय त्यानं, एका ओळीवर कोण नापास करतं? बाई भल्या दिसतायत. सोडून देतील. अजून थोडा वेळ, सोडूनच देतील.

बाईंनी सोडून दिलं नाही. त्यांची पेन्सिल कागदावर टेकली. अशी माणसं त्यांनी रोज बघितली होती, ज्यांना पानाचा एखादा तुकडा दिसतच नाही आणि तो नाहीच अशी त्यांची खात्री असते. आवाज आणखी मऊ करून त्या म्हणाल्या, "शेवटची ओळ तुम्हाला दिसत नाहीये का?"

दादाच्या कानशिलावरून घाम ओघळला. त्याचं बोट कोऱ्या जागेवर इकडून तिकडे फिरलं, जणू अक्षरं हाताला लागतील. मुंगीनं त्याचा चेहरा बघितला. तो वाद घालणाऱ्या माणसाचा चेहरा होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत तो बदलला. सहा महिने सगळे त्याला सांगत आले होते की तुझी ओळ सुटते. डॉक्टर, वहिनी, ती स्वतः.

"असेल," दादा हळूच म्हणाला. "असेल तिथं. मलाच दिसत नसेल." आणि मग तो असं काही म्हणाला, जे मुंगीला पुढं कधी विसरता आलं नाही. "मला वाटलं होतं, मी बरा झालोय."

"तिथं ओळ नाहीये," मुंगी म्हणाली.

दोघांनी वळून बघितलं. ती उठून उभी राहिली होती आणि स्टूल मागे भिंतीवर आदळलं होतं.

"ओळ छापलेलीच नाही. हा कागद मी लावलाय. सही झाल्यावर मी त्यातले तुटलेले शब्द जोडले. ह्याच्यासाठी. त्यात शेवटची ओळ बाहेर पडली आणि मी बघितलं नाही. ह्याला बरोबर दिसतंय. सगळं बरोबर दिसतंय ह्याला."

बाईंनी हात लांब करून दादाच्या पुढ्यातला कागद घेतला, आपल्या प्रतीशेजारी ठेवला आणि ओळीवर ओळ बघत गेल्या. सहा जागी त्यांची पेन्सिल टेकली. त्यांचा चेहरा पुन्हा वर आला तेव्हा त्यावर मघाचा मऊपणा उरला नव्हता.

"ह्यावर माझी सही होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"हे कागद काल संध्याकाळी आले. सकाळपासून दोन पेशंटना मी हेच दिलंय. दोघंही इथंच थांबले. दोघांनाही ओळ दिसत नाही म्हणून लिहिलंय मी."

मुंगीला हे सुचलंच नव्हतं. जगात दादाशिवाय दुसरं कुणी हा कागद वाचणार आहे, हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

"तुमच्या मालकांना मी फोन करणार आहे," बाई म्हणाल्या. "आणि त्या दोघांनाही, आत्ताच. तुम्ही पुढच्या आठवड्यात या, दादा. ही चाचणी धरता येणार नाही."

"जुना कागद आहे का?" दादानं विचारलं. इतका वेळ तो टेबलाकडे बघत होता.

"पुसट आहे."

"असू दे. तुटलेल्या शब्दांचा आहे ना? तो द्या. आणि हिला बाहेर बसवा."

मुंगी बाहेर बाकावर बसली. दार नीट लागत नव्हतं. बाईंचे दोन फोन तिला ऐकू आले, शब्द न् शब्द. मग दादाचा आवाज आला. एक म्हातारा माळी होता. त्याच्याकडे एका मोठ्या बागेची किल्ली होती. रोज संध्या. मग काहीच नाही. बाकाची कड मुंगीनं दोन्ही हातांनी धरली. आत उठून जावं आणि "काळी" म्हणावं, इतकं सोपं होतं ते. "रोज संध्या," दादा पुन्हा म्हणाला. पुन्हा थांबला. तिसऱ्या खेपेला "काळी" आलं, पण त्याला इतका उशीर झाला होता की वाक्य केव्हाच विरून गेलं होतं. पुढच्या शब्दालाही तेच. त्याच्या पुढच्या शब्दानंतर तो दोन ओळी गाळून खाली गेला, स्वतःच ओळखून परत वर आला आणि नव्यानं सुरुवात केली. गोष्ट शेवटाला पोचली तेव्हा त्याचा आवाज बसला होता. माळ्यानं किल्ली शेजारणीला दिली होती.

तो बाहेर आला तेव्हा शर्टाची पाठ ओली होती. मुंगी उठली.

"दोन महिन्यांनी परत," तो म्हणाला. "तोवर गोदाम. सोमवारपासून."

"दादा, माझं चुकलं. मी घरी कागद असे द्यायला नको होते. मी आधीच..."

"शब्द जोडलेस त्याचं मला काही नाही," दादा म्हणाला. तिच्याकडे न बघता तो चष्मा शर्टानं पुसत होता. "तुझ्या जागी मी असतो तर मीही जोडले असते. पण मी ती ओळ शोधत होतो ना, कागद उलटून उलटून. तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"कधी कळलं?"

उशिरा कळलं म्हणता आलं असतं. आत्ता-आत्ता कळलं, तशी लगेच उठले, म्हणता आलं असतं, आणि त्यानं ते मानलंही असतं. कारण त्याला मानायचं होतं, ते त्याच्या आवाजात होतं.

"तू थांबलास तेव्हाच," मुंगी म्हणाली.

दादानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मान हलवली. मग तो जिन्याकडे निघाला. झटका आल्यापासून जिना उतरताना तो तिचा दंड धरायचा. तिनं सवयीनं हात पुढे केला. त्यानं कठडा धरला आणि एकेक पायरी बघत, टेकत, तो एकटाच खाली उतरायला लागला.